कशावरून? : सुरतेचे आकाश आणि पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा शोध



एका शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ शाळेने व्याख्यानमाला चालवावी आणि तिला जुन्या विद्यार्थ्यांनी आवर्जून यावे, ही आपल्याकडची एक चांगली प्रथा आहे. अशा व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आजचा विषय पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीच्या शोधाचा आहे. विषय ऐकताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील प्रचंड दुर्बिणी आणि मंगळावर फिरणाऱ्या गाड्या उभ्या राहतात. मी मात्र माझे विवेचन याच गावापासून, तापीच्या काठापासून सुरू करणार आहे. त्याचे कारण स्थानिक अभिमानाचे नाही. या शोधाच्या मुळाशी जी एक पद्धती आहे, तिचे एक फार जुने आणि फारसे परिचित नसलेले उदाहरण सुरतेत घडले आहे.

सतराव्या शतकातील सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. त्याच्या सुमारे बारा वर्षे आधीची ही गोष्ट. दिल्लीच्या तख्तावर शहाजहान होता, सुरत मोगलांचे मुख्य बंदर होते आणि इंग्रजांची वखार येथे स्थिरावून जवळजवळ चार दशके झाली होती. या वखारीच्या वर्दळीत जेरेमी शेकर्ली नावाचा एक पंचविशीतला इंग्रज तरुण आला. त्याचा जन्म १६२६ चा, यॉर्कशरमधला. व्यापारात त्याने काही नाव कमावले नाही. त्याचे चित्त ग्रहगणितात गुंतलेले होते. शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण १६३९ मध्ये प्रथम पाहणारा जेरेमाया हॉरॉक्स हा त्याचा आदर्श होता. हॉरॉक्स ऐन तारुण्यात वारला आणि त्याचे काम विस्मृतीत जाऊ लागले. त्याची थोरवी छापील पुस्तकात मान्य करणाऱ्या पहिल्या काही लोकांत शेकर्लीची गणना होते.

बुध किंवा शुक्र हे ग्रह पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये नेमके येतात, तेव्हा सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. यालाच अधिक्रमण म्हणतात. बुधाच्या अधिक्रमणाचे भाकीत केप्लरने केले होते. केप्लर १६३० मध्ये वारला आणि दुसऱ्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी, पॅरिसमध्ये गासेंदीने ते प्रत्यक्ष पाहिले. बुधाचा ठिपका अपेक्षेपेक्षा इतका लहान होता की तो बुधच आहे, यावर गासेंदीचा प्रथम विश्वास बसला नाही. १६५१ चे अधिक्रमण इंग्लंडमधून दिसणार नाही, कारण त्या वेळी तेथे रात्र असेल, ते आशियातून दिसेल, असे शेकर्लीने गणिताने काढले. आजच्या कालगणनेप्रमाणे ३ नोव्हेंबर १६५१ रोजी त्याने ते सुरतेहून पाहिले. मानवाने पाहिल्याची नोंद असलेले बुधाचे हे दुसरे अधिक्रमण होय. गोव्यात १६१८ साली जेसुइट पाद्र्यांनी दुर्बिणीतून धूमकेतू पाहिल्याची नोंद आहे. ती सोडली, तर भारतातील दुर्बिणीच्या अगदी आरंभीच्या निरीक्षणांत सुरतेचे हे निरीक्षण मोडते.

आता या कथेतील उणी बाजूही सांगितली पाहिजे, कारण माझ्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. अधिक्रमणाचा खरा उपयोग तेव्हा होतो, जेव्हा ग्रह सूर्यबिंबात शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा क्षण घड्याळाने टिपता येतो. शेकर्लीला हे दोन्ही क्षण नोंदता आले नाहीत. त्यामुळे शास्त्रीय गणिताच्या दृष्टीने त्याच्या निरीक्षणाचा उपयोग झाला नाही. त्याने ठिपका पाहिला. पण पाहणे आणि मोजणे यांत जे अंतर आहे, ते त्याला ओलांडता आले नाही. पुढे १६५५ च्या सुमारास, तिशीही गाठण्यापूर्वी, तो हिंदुस्थानातच वारला. इतिहासाने त्याच्या वाट्याला एक-दोन परिच्छेदच ठेवले. तरीही भाकीत आधी मांडायचे, ते ज्या भूमीवरून तपासता येईल त्या भूमीवरून आकाशाकडे पाहायचे आणि जेवढे दिसले तेवढेच कळवायचे, ही त्याची रीत आपण लक्षात ठेवू.

शेकर्लीच्या काळी परलोकीच्या जीवसृष्टीची चर्चा युरोपात चालू होती. जॉन विल्किन्सने १६३८ मध्ये चंद्रावर जग असू शकते असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. शतकाच्या अखेरीस, १६९८ मध्ये, हायगेन्सचा ग्रहांवरील रहिवाशांविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. हे दोघेही विद्वान होते आणि त्यांचे युक्तिवाद आजही वाचनीय आहेत. पण त्यांच्यापाशी एकच साधन होते, ते म्हणजे साधर्म्य. पृथ्वी ग्रह आहे, पृथ्वीवर जीव आहेत, म्हणून इतर ग्रहांवरही असावेत. 'असावेत' या शब्दापाशी ही चर्चा सुमारे तीनशे वर्षे थांबली. 'आहेत काय?' असे कोणीही विचारू शकतो. 'कशावरून?' असे विचारले की मात्र ओठांवरचे उत्तर मागे फिरते.

ही कोंडी फुटली, ती शेकर्लीने सुरतेत पाहिला तशाच एका ठिपक्याने. दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल आणि त्याची कक्षा योगायोगाने आपल्या दृष्टिरेषेत असेल, तर तो ग्रह दर फेरीला ताऱ्यापुढून जाईल. आपल्याला ठिपका दिसणार नाही, कारण तारा स्वतःच एका बिंदूएवढा दिसतो. पण ताऱ्याचा प्रकाश किंचित घटेल आणि ठराविक मुदतीने पुन्हा पुन्हा घटेल. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश शंभरांत एक भाग अडवतो. पृथ्वीएवढा ग्रह सुमारे बारा हजारांत एक भाग अडवतो. सुरतेत त्या दिवशी बुधाने सूर्याचा जो प्रकाश अडवला, तो सुमारे अडतीस हजारांत एक भाग होता. सुरतेच्या बाजारात कोणाला त्याचा पत्ताही लागला नसेल.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह मायोर आणि केलॉझ यांनी १९९५ मध्ये जाहीर केला. तो त्यांना ताऱ्याच्या डोलण्यावरून सापडला होता. या शोधासाठी २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परक्या ताऱ्यापुढचे अधिक्रमण प्रथम १९९९ मध्ये टिपले गेले. केप्लरचेच नाव दिलेली अवकाश दुर्बीण मार्च २००९ मध्ये सोडण्यात आली आणि २०१८ मध्ये तिचे काम थांबले. तेवढ्या काळात तिने अधिक्रमणाच्या पद्धतीने अडीच हजारांहून अधिक ग्रह दाखवून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या नोंदीतील अशा ग्रहांच्या संख्येने सहा हजारांचा टप्पा ओलांडला.

या कामात आपल्या शेजारचाही वाटा आहे. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये अहमदाबादेत स्थापन केलेल्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेची वेधशाळा अबूच्या पहाडावर, गुरुशिखरावर आहे. तेथील १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला 'पारस' नावाचा वर्णपटमापक जोडलेला होता. केप्लर दुर्बिणीने एका ताऱ्यापुढील अधिक्रमणाचा संशय नोंदवला होता. अभिजित चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्या ताऱ्याचे सूक्ष्म डोलणे मोजून २०१८ मध्ये ग्रहाचे वस्तुमान काढले. ते पृथ्वीच्या सुमारे सत्तावीस पट आहे. सहाशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ग्रहाचे वर्ष साडेएकोणीस दिवसांचे आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे सहाशे अंश सेल्सियस. तेथे जीव असण्याचा प्रश्नच नाही. तरीही हे काम मला फार मोलाचे वाटते. अधिक्रमणाने ग्रहाचा आकार कळतो, डोलण्याने वस्तुमान कळते आणि दोन्ही जुळल्यावरच तो ग्रह खडकांचा की वायूचा याचा अंदाज करता येतो. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही, हा न्यायालयातील नियम आकाशालाही लागू पडतो.

परंतु ग्रह सापडणे आणि जीव सापडणे यांत पुन्हा मोठे अंतर आहे. जीवाची सुरुवात कशी होते, हेच आपल्याला पुरतेपणी ठाऊक नाही. मिलर आणि युरी यांनी १९५३ मध्ये साधे वायू, पाणी आणि विजेच्या ठिणग्या यांपासून प्रयोगशाळेत अमिनो आम्ले तयार करून दाखवली. ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे १९६९ मध्ये पडलेल्या अशनीत अशीच आम्ले सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत पृथ्वीवरील जीव वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा असल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. आकाशातून असे दगड आपल्या दारीही येतात. गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात, दियोदर तालुक्यातील गावांत, १७ ऑगस्ट २०२२ रोजी एका दुर्मीळ जातीचा अशनी पडला. यावरून एवढे कळते की जीवाला लागणारा कच्चा माल विश्वात विपुल आहे. मात्र विटा, चुना आणि लाकूड एका जागी साठले म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही.

मग घर कोठे बांधले गेले? पृथ्वीवरच, की अन्यत्र? सूक्ष्मजीव अवकाशातून प्रवास करत असावेत आणि त्यांतूनच पृथ्वीवर जीव रुजला असावा, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी मांडले. शतकाच्या उत्तरार्धात फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी त्याचा आग्रहाने पुरस्कार केला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही. येथून या कथेत आपला एक माणूस येतो.

जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. केंब्रिजमध्ये ते हॉइल यांचे विद्यार्थी होते आणि गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तावर गुरुशिष्यांनी एकत्र काम केले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या 'आयुका' या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. मराठी वाचकाला ते विज्ञानकथाकार म्हणून अधिक जवळचे आहेत. 'प्रेषित' या कादंबरीत त्यांनी परग्रहावरील संस्कृतीशी संपर्काची कल्पना रंगवली. नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते २०२१ मध्ये अध्यक्ष होते. पुण्यात २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

सूक्ष्मजीव बाहेरून येत असतील, तर ते वातावरणाच्या वरच्या थरांत सापडले पाहिजेत, हे या मताचे तपासता येण्याजोगे भाकीत होते. आपल्या अक्षांशांवर ढगांचे आणि वादळांचे जग सुमारे सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर संपते. त्यावरच्या स्थितांबरात जमिनीवरची धूळ सहसा पोहोचत नाही. चाळीस किलोमीटर उंचीवर हवा अतिशय विरळ असते आणि सूर्याचे अतिनील किरण जीवाला मारक ठरतील इतके तीव्र असतात. भारतीय अवकाश संशोधन संस्था, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयुका यांच्या सहकार्याने, नारळीकरांच्या पुढाकाराने, हैदराबादच्या बलून केंद्रातून जानेवारी २००१ मध्ये एक फुगा सोडण्यात आला. तो एक्केचाळीस किलोमीटरपर्यंत गेला. पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी असेच उड्डाण झाले. या दुसऱ्या वेळी पोलादाच्या सोळा निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या. त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. त्या कमालीच्या थंडीमुळे नळीची झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत खेचली जाऊन गोठत असे. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरचे नमुने घेतल्यावर नळ्या हवाई छत्रीने खाली आल्या.

हैदराबाद आणि पुणे येथील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दुसऱ्या उड्डाणाचे नमुने तपासले. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती त्यांत वाढल्या. तीन जीवाणू शास्त्राला नवे होते. एकाला आर्यभटाचे नाव दिले, एकाला इस्रोचे आणि तिसऱ्याला फ्रेड हॉइल यांचे. पहिल्या उड्डाणानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट २००१ मध्ये, हॉइल निवर्तले होते. शिष्याच्या प्रयोगातून सापडलेल्या जीवाला गुरूचे नाव मिळाले.

मित्रहो, त्या क्षणाचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना करा. आयुष्यभर ज्याची टवाळी झाली ते मत मांडणारे दिवंगत गुरू, हातात एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरून आणलेली नळी, तीत कोणी कधी न पाहिलेला जीव, आणि बाहेर वर्तमानपत्रे थांबलेली. विक्रमसिंघे यांचा कल अधिक निःशंक होता. परंतु इस्रोने मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा त्यांत स्पष्ट म्हटले होते की या प्रयोगाने जीवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढील शोधाला मात्र त्याने उत्तेजन मिळते. नारळीकरही त्या मर्यादेपलीकडे गेले नाहीत.

हा संयम योग्य होता, हे पुढील काळाने दाखवले. आर्यभटाचे नाव दिलेला जीवाणू नंतर अनेक देशांतील मातीत आणि वनस्पतींच्या मुळांपाशी आढळला. याचा अर्थ तो जमिनीवरूनच वर गेला असेल. उलट, तो वरून खाली उतरला असेही कोणी म्हणू शकेल. केवळ सापडण्याच्या जागेवरून मूळ गाव ठरत नाही. त्यासाठी वेगळी साक्ष लागते: उदाहरणार्थ, त्याच्या पेशीतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्या जीवांपेक्षा निराळे आहे काय, किंवा त्याची घडण आपल्या सर्वांच्या समान वंशवृक्षात बसत नाही काय. सापडलेले जीवाणू तर त्याच वृक्षाच्या फांद्यांवर बसले. 'कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहिले आणि ते अपुरे आहे असेच नोंदले गेले.

जेथे हा संयम सुटतो, तेथे काय होते याचीही उदाहरणे आहेत. अंटार्क्टिकावर सापडलेल्या एका मंगळीय अशनीत जीवाचे अवशेष असल्याचा दावा ऑगस्ट १९९६ मध्ये झाला. जगभर मथळे झळकले. पुढे त्यातील एकेका खुणेचे जीवाविना स्पष्टीकरण मिळत गेले आणि आज फार थोडे शास्त्रज्ञ तो दावा मानतात. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरील 'के२-१८बी' या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर सागरी जीव निर्माण करतात अशा वायूच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. ही पद्धतही अधिक्रमणाचीच आहे. ग्रह ताऱ्यापुढून जाताना ताऱ्याचा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो आणि त्या प्रकाशाच्या वर्णपटात वायूंच्या सह्या उमटतात. लेखकांनी स्वतःच आणखी निरीक्षणांची गरज सांगितली होती. मथळ्यांनी ती गाळली. तीच माहिती इतर गटांनी पुन्हा तपासली, तेव्हा अनेकांना ती खूण भरवशाची वाटली नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढा खर्च, एवढी वर्षे आणि हाती 'अजून सिद्ध नाही' हेच शब्द? माझे उत्तर असे, की हे तीन शब्द ज्या समाजाला सन्मानाने उच्चारता येतात, तो समाज प्रौढ झाला. आपल्याकडे अशा प्रश्नांवर दोन टोके फार लवकर गाठली जातात. एक टोक भाबड्या विश्वासाचे, दुसरे चेष्टेचे. दोन्ही ठिकाणी श्रम वाचतात, कारण दोन्ही ठिकाणी तपासावे लागत नाही. मधली वाट कष्टाची आहे. तिच्यावर गुरूचे मत प्रिय असूनही त्याला परीक्षेला बसवावे लागते आणि निकाल अनिर्णीत लागला तर तसाच तो फळ्यावर लिहावा लागतो. वर्गात 'कशावरून?' असे विचारणाऱ्या मुलाला जो शिक्षक गप्प बसवत नाही, तो या वाटेचा पहिला दगड रचतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या पेशाचा याहून मोठा गौरव मला सुचत नाही.

शेवटी शाळेला एक विनंती. बुधाचे पुढील अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी होईल. त्या दुपारी ते सुरतेहून आरंभापासून अखेरपर्यंत दिसेल. आज प्राथमिक वर्गांत असलेली मुले तेव्हा मोठ्या वर्गांत असतील. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी वा उघड्या दुर्बिणीतून पाहणे डोळ्यांना कायमचे अपायकारक आहे. म्हणून शाळेने जाणकारांच्या देखरेखीखाली दुर्बिणीतून पांढऱ्या पडद्यावर सूर्यबिंब पाडावे. दोन मुलांच्या हाती घड्याळे द्यावीत. ठिपका आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा क्षण त्यांनी वहीत टिपावा. याच गावात शेकर्लीचे ते दोन क्षण निसटले होते. वहीत आकडे काय येतील ते येवोत, मुलांनी ते खाडाखोड न करता लिहावेत, एवढीच अपेक्षा.